लाल बटणाला ठिकाण सांगणाऱ्या दोन वायरी

केबिनमध्ये सुकाणूच्या वर व्हीएचएफ सेट, म्हणजे बोलायचा वायरलेस, आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर जीपीएस. मिरकरवाडा, हर्णे, देवगड, कुठल्याही बंदरात चार बोटींवर चढून बघा, हेच दिसेल. बोट कुठे आहे ते एक यंत्र दर सेकंदाला मोजतंय. दुसरं ते आसपासच्या सगळ्या बोटींना सांगू शकतं. आणि कितीतरी बोटींवर या दोघांना जोडणारी एकही वायर नसते. वायरींचा खर्च थोडाच, काम एका दुपारचं. ज्यांनी हे काम कधी केलेलं नाही अशा नाखव्यांसाठी आणि खलाशांसाठी ते पहिल्या पायरीपासून लिहितो आहे.

डीएससी, म्हणजे बटण दाबून डिजिटल हाक पाठवायची सोय, असलेल्या सेटवर लाल झाकणाखाली एक बटण असतं. झाकण उघडून ते काही सेकंद दाबून धरलं की सेट चॅनल ७० वर, म्हणजे १५६.५२५ मेगाहर्ट्झवर, एक डिजिटल हाक सोडतो. त्या हाकेत बोटीचा नऊ आकडी नंबर जातो, अक्षांश-रेखांश जातात आणि वेळ जाते. कोणी उत्तर देईपर्यंत दर चार मिनिटांच्या आसपास सेट स्वतःच ती हाक पुन्हा पाठवत राहतो. जीपीएस जोडलेला नसेल आणि ठिकाण हातानेही भरलेलं नसेल, तर अक्षांश-रेखांशाच्या जागी दहा वेळा ९ जातो. ऐकणाऱ्याला एवढंच कळतं की अमुक नंबरची बोट संकटात आहे. कुठे आहे, ते कळत नाही.

‘आम्ही चॅनल १६ वर तोंडी सांगू की,’ असं तांडेल म्हणतात. सांगावंच, तो संकटात तोंडी हाक द्यायचाच चॅनल आहे. पण बोटीत पाणी भरत असताना, इंजिन बंद पडलेलं असताना, हलत्या उजेडात स्क्रीनवरचे आकडे वाचून बघा. घाबरलेल्या आवाजात वाचलेलं ठिकाण मी वायरलेसवर ऐकलं आहे. तीन वेळा विचारलं तेव्हा तिन्ही वेळा आकडे वेगळे आले. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल. सतरा अंश बारा मिनिटांच्या जागी सतरा अंश एकवीस मिनिटं तोंडातून गेलं, की शोधणारी बोट नऊ मैल उत्तरेला जाते. वायरीने जाणारे आकडे असे उलटेपालटे होत नाहीत. हे काम मला एवढं महत्त्वाचं वाटतं ते यासाठीच.

हत्यार हातात घेण्याआधी

पहिल्यांदा सेटकडे नीट बघा. लाल झाकण आणि त्यावर ‘डिस्ट्रेस’ लिहिलेलं नसेल, तर तो डीएससी नसलेला साधा सेट आहे. त्याला जीपीएस जोडून काही मिळणार नाही. काही नव्या सेटांमध्ये जीपीएस आतच असतो. त्यांना बाहेरून जोडणी लागत नाही. मात्र सेट केबिनच्या पत्र्याखाली बसवला असेल तर आतल्या जीपीएसला आकाश दिसतं का, ते तपासून घ्या.

मग दोन्ही यंत्रांची मॅन्युअल काढा. हरवली असतील तर कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेल नंबर टाकून फुकट मिळतात. त्यातलं वायरींच्या रंगांचं पान कागदावर उतरवून घ्या. रंग कंपनीगणिक बदलतात, कधीकधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही बदलतात. शेजारच्या बोटीवर पिवळी निळीला जोडली होती म्हणून आपल्याकडेही तसंच करायचं, हा सगळ्यात महागात पडणारा शॉर्टकट आहे.

यासाठी सगळ्यात चांगला काळ म्हणजे १ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी. बोट वर ओढलेली असते, घाई नसते. नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी हे काम काढलंत तर ते नीट होणार नाही.

सामान फार लागत नाही. दोन जोड्यांची, पीळ दिलेली आणि वर जाळी असलेली डेटा केबल, तांब्यावर कथिलाचा मुलामा असलेली मिळाली तर उत्तम. सेटच्या पॉवरसाठी अडीचची, म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर जाडीची वायर. फ्यूज आणि फ्यूज होल्डर, क्रिम्प लग आणि क्रिम्पिंगचा पक्कड, आत गोंद असलेली हीट श्रिंक नळी, एक छोटी टर्मिनल पट्टी, मल्टिमीटर. केबल साधी तांब्याची घेतलीत तर एक-दोन पावसाळ्यांत वायर आतून हिरवी-काळी पडते. बाहेरून काहीच दिसत नाही आणि डेटा यायचा थांबतो.

आधी वीज, मग डेटा

सुरुवात बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून करा. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्यामुळे तिच्याजवळ ठिणगी नको.

डेटाच्या वायरींकडे जाण्याआधी दोन्ही यंत्रांची वीज तपासा. ‘डेटा येत नाही’ म्हणून मला बोलावलेल्या कितीतरी बोटींवर खरं दुखणं विजेचं निघालं. व्हीएचएफ सेट २५ वॅटवर बोलतो तेव्हा पाच-सहा अँपिअर खेचतो. नुसता ऐकत असताना त्याच्या दहाव्या भागाच्या आसपास. बॅटरी चार मीटरवर असेल तर वीज जाऊन-येऊन आठ मीटर जाते. एकची वायर वापरली तर बोलताना जवळजवळ पाऊण व्होल्ट वाटेतच संपतो, अडीचच्या वायरीत साधारण एक तृतीयांश व्होल्ट. बॅटरी उतरलेली असेल तेव्हा हाच फरक सेट चालू राहणार की बंद पडणार ते ठरवतो.

सेटची आणि जीपीएसची पॉझिटिव्ह वायर वेगवेगळ्या फ्यूजमधून आणा. फ्यूज किती अँपिअरचा ते मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. फ्यूज वारंवार जातो म्हणून मोठा फ्यूज टाकू नका आणि तारेचा तुकडा तर मुळीच नको. फायबरच्या बोटीत वायरीला लागलेली आग विझवायला फार वेळ मिळत नाही.

मोठ्या ट्रॉलरवर २४ व्होल्ट असतात, दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये. १२ व्होल्टचा सेट चालवायला त्यातल्या एकाच बॅटरीवरून वायर काढलेली मी खूप ठिकाणी पाहिली आहे. तसं केलं की एक बॅटरी जास्त उतरते, दुसरी जास्त चार्ज होते आणि वर्षभरात दोन्ही खराब होतात. २४ वरून १२ करणारा कन्व्हर्टर बसवा आणि तो निदान दहा अँपिअरचा घ्या.

बोलणारा आणि ऐकणारा

जीपीएस आणि सेट ज्या भाषेत बोलतात तिचं नाव एनएमईए ०१८३. तिचा नियम सोपा आहे: एक बोलतो, दुसरा ऐकतो. जीपीएसचं आउटपुट सेटच्या इनपुटला जातं. आउटपुटला आउटपुट जोडायचं नाही, इनपुटला इनपुट जोडायचं नाही. एका बोलणाऱ्याचं दोन-तीन यंत्रं ऐकू शकतात. पण दोन बोलणाऱ्यांच्या वायरी एकत्र करून एका कानात घातल्या तर काहीच कळत नाही. दोन्ही जोडणं भागच असेल तर मध्ये मल्टिप्लेक्सर, म्हणजे दोघांचं बोलणं एका वायरीवर आणणारी डबी, लागतो.

इनपुट आणि आउटपुट या दोन्हींना नीट पाहिलं तर दोन-दोन वायरी असतात: एक प्लस, एक मायनस. काही मॅन्युअलमध्ये त्यांना ए आणि बी म्हणतात. दोन्ही यंत्रांना चारही वायरी असतील तर प्लसला प्लस, मायनसला मायनस, एवढंच काम आहे.

गोंधळ होतो तो जीपीएसच्या आउटपुटला एकच वायर असते तेव्हा. गार्मिनच्या बऱ्याच युनिटांत निळी वायर आउटपुट, तपकिरी इनपुट, लाल पॉझिटिव्ह आणि काळी निगेटिव्ह असते. आयकॉमच्या अनेक सेटांत पिवळी म्हणजे इनपुट प्लस, हिरवी इनपुट मायनस, पांढरी आउटपुट प्लस आणि तपकिरी आउटपुट मायनस. या दोघांना जोडायचं झालं तर जीपीएसची निळी सेटच्या पिवळीला, आणि सेटची हिरवी जीपीएसच्या काळ्या निगेटिव्हला. या दोन वायरी जोडल्या की सेटला ठिकाण मिळायला लागतं.

हिरवी वायर ‘ही कशाला’ म्हणून मोकळी सोडू नका. सेट दोन वायरींमधला फरक वाचतो. एकच वायर दिली तर त्याला डेटा कधी मिळतो, कधी मिळत नाही. बंदरात चालणारी आणि समुद्रात हटकून बंद पडणारी जोडणी बहुधा अशीच केलेली असते.

आता तपकिरी वायर बघा. एका यंत्रात ती इनपुट आहे, दुसऱ्यात आउटपुटची मायनस. रंग सारखा दिसला म्हणून तपकिरीला तपकिरी जोडणारे भेटतात. रंग विसरा, मॅन्युअलमधलं काम वाचा. वर दिलेले रंगही तुमच्या मॉडेलच्या पानावर तपासल्याशिवाय वापरू नका.

वायरींची दुसरी जोडी उलट दिशेची: सेटचं आउटपुट जीपीएसच्या इनपुटला. ती नसली तरी लाल बटणाला ठिकाण मिळतं. पण जोडलीत आणि जीपीएसला ती सोय असेल, तर दुसऱ्या बोटीने डीएससीवर हाक दिल्यावर तिचं ठिकाण तुमच्या नकाशावर ठिपका होऊन दिसतं. मदतीला जाणाऱ्यासाठी याहून उपयोगी गोष्ट नाही, म्हणून मी ही जोडी कधी गाळत नाही. वरच्या उदाहरणात सेटची पांढरी जीपीएसच्या तपकिरीला जाते. सेटची आउटपुट मायनस उरते. मॅन्युअलमध्ये वेगळं काही सांगितलं नसेल तर तिचं टोक हीट श्रिंकने बंद करून मोकळं ठेवा, निगेटिव्हला टेकवू नका.

जोड करताना वायरी नुसत्या पिळून वर काळी टेप गुंडाळू नका. टेप उन्हात सुटते आणि मिठाचं पाणी धरून ठेवते. लग क्रिम्प करून टर्मिनल पट्टीवर स्क्रूने बसवा, किंवा बट कनेक्टरवर गोंदवाली हीट श्रिंक चढवा. नुसतं सोल्डरही मला पसंत नाही. इंजिनाच्या थरथरीने वायर सोल्डरच्या अगदी कडेला तुटते. केबलवरची जाळी फक्त जीपीएसच्या टोकाला निगेटिव्हला जोडा, सेटच्या टोकाला कापून बंद करा. यंत्रात शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ द्या, म्हणजे छपरातून गळणारं पाणी वायरीवरून आत न जाता झोळावरून खाली पडेल. डेटाची केबल व्हीएचएफ अँटेनाच्या जाड केबलसोबत एकाच गठ्ठ्यात बांधू नका. व्हीएचएफ आणि जीपीएसच्या अँटेनांमध्ये किमान एक मीटर अंतर ठेवा.

मेनूमधलं काम

वायरी बरोबर असूनही ठिकाण येत नसेल तर मेनू उघडा. जीपीएसमध्ये संपर्काच्या किंवा पोर्टच्या सेटिंगमध्ये एनएमईए ०१८३ निवडा, वेग ४८०० ठेवा. ३८४०० हा वेग एआयएससाठी, म्हणजे आसपासच्या बोटींची ओळख आणि ठिकाण दाखवणाऱ्या यंत्रासाठी असतो. काही युनिटांत याच दोन गोष्टींना ‘स्टँडर्ड’ आणि ‘हाय स्पीड’ अशी नावं असतात. दोन्ही यंत्रांचा वेग एकच हवा.

जीपीएस ठिकाण ‘वाक्यांत’ पाठवतो. त्यातलं आरएमसी नावाचं वाक्य चालू आहे ना ते बघा, त्यात ठिकाण, वेळ, तारीख, वेग आणि दिशा सगळं असतं. काही जुन्या सेटांना मिनिटांच्या पुढचे चार दशांश पचत नाहीत. जीपीएसमध्ये ते दोन किंवा तीनवर आणायची सोय असते. वेळ मात्र जागतिक प्रमाण वेळेत येते. सेटमध्ये +५:३० भरलं की भारतीय वेळ दिसते.

आता नऊ आकडी नंबर, एमएमएसआय. तो भरल्याशिवाय डीएससी चालूच होत नाही. भारतीय बोटीचा नंबर ४१९ ने सुरू होतो आणि तो परवान्याच्या कागदपत्रांसोबत अधिकृतपणेच घ्यायचा असतो. मनाने नंबर टाकलात किंवा दुसऱ्या बोटीचा टाकलात, तर शोध भलत्याच बोटीचा सुरू होईल. बऱ्याच सेटांत हा नंबर एकदाच भरता येतो. चुकला तर सेट विक्रेत्याकडे पाठवावा लागतो. म्हणून एकाने कागदावरून मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने भरायचं, मग अदलाबदल करून तपासायचं.

चाचणी

जीपीएस चालू करा, त्याला उपग्रह सापडू द्या, मग सेटचा स्क्रीन बघा. मिनिटभरात अक्षांश-रेखांश दिसले पाहिजेत. जीपीएसवरचे आकडे आणि सेटवरचे आकडे शेजारी ठेवून वाचा. इथे नवीन माणूस हमखास गडबडतो: जीपीएसवर १६.९८० अंश दिसतात आणि सेटवर १६ अंश ५८.८ मिनिटं. दोन्ही एकच आहेत. ०.९८० ला साठने गुणलं की ५८.८ मिनिटं येतात. जीपीएसचं दाखवणं अंश-मिनिटांवर आणून ठेवा, म्हणजे तोंडी सांगतानाही घोळ होणार नाही.

मग जीपीएस बंद करा. थोड्या वेळाने सेटने कुरकुर केली पाहिजे, ठिकाण मिळत नसल्याचा इशारा दिला पाहिजे. तो इशारा कसा वाजतो ते सगळ्या खलाशांना ऐकवा.

शेवटी २५ वॅटवर बोलून बघा. बोलायचं बटण दाबताक्षणी जीपीएस बंद होऊन पुन्हा सुरू झाला तर विजेची वायर बारीक आहे किंवा निगेटिव्हचा जोड सैल आहे. जीपीएस चालू राहून फक्त आकडे गेले तर अँटेनाची केबल डेटाच्या केबलला फार जवळ आहे.

लाल बटण चाचणीसाठी कधीही दाबायचं नाही. त्याऐवजी मेनूतला टेस्ट कॉल ओळखीच्या बोटीच्या नंबरवर पाठवा. त्यांच्या सेटवर तुमचं ठिकाण मागायची सोय असेल तर त्यांना ते मागायला सांगा. त्यांच्या स्क्रीनवर तुमचं बरोबर ठिकाण उमटलं की वायरीपासून अँटेनापर्यंत सगळं तपासून झालं. चुकून लाल बटण दाबलं गेलंच तर घाबरून गप्प बसू नका. सेटवरून हाक रद्द करा, चॅनल १६ वर बोटीचं नाव आणि नंबर सांगून चुकीची हाक होती असं जाहीर करा, मोबाइलला रेंज असेल तर तटरक्षक दलाच्या १५५४ वरही कळवा. नाहीतर कुणीतरी डिझेल जाळत तुम्हाला शोधायला निघालेलं असेल.

काहीच येत नाही तेव्हा

मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. काळा प्रोब निगेटिव्हला, लाल प्रोब जीपीएसच्या आउटपुट वायरीला. डेटा निघत असेल तर आकडा एका जागी ठरत नाही, दर सेकंदाला हलतो. अजिबात हलत नसेल तर दोष जीपीएसकडे: मेनूत पोर्ट बंद आहे किंवा वायर चुकीची पकडली आहे. तिथे हलतो पण सेटच्या टोकाला हलत नाही, मग मधली केबल किंवा जोड बघा. सेटच्या टोकालाही हलतो तर प्लस-मायनस उलटे झालेत का ते पाहा, आणि त्यानंतर वेग. मी याच क्रमाने जातो आणि अर्ध्या तासात दोष सापडतो. क्रम सोडून एकेक वायर हलवत बसलं की आधी बरोबर असलेलंही बिघडतं.

नव्या यंत्रांत एनएमईए २००० असतं. त्यात रंगीत वायरी जोडत बसावं लागत नाही, पाच पिनांचे प्लग येतात. मधली मुख्य केबल, तिच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे टर्मिनेटर आणि टी जोडांवरून प्रत्येक यंत्राला सहा मीटरपेक्षा कमी लांबीचा फाटा. वीज बंद करून दोन डेटा पिनांमध्ये मोजलं तर ६० ओहमच्या आसपास यायला हवेत. १२० आले तर एक टर्मिनेटर गायब आहे. सेटवर जुनं आणि जीपीएसवर नवं पोर्ट असेल तर मध्ये कन्व्हर्टर लागतो.

बोट पाण्यात गेल्यावर

रात्री नांगर टाकल्यावर बॅटरी वाचवायला जीपीएस बंद करतात. सेट चालूच राहतो आणि त्याच्याकडे शेवटचं ठिकाण साठवलेलं असतं. साडेतेवीस तासांनंतर सेट ते ठिकाण स्वतःच टाकून देतो, पण त्याआधी लाल बटण दाबलं तर हाकेत ते जुनं ठिकाण जातं, सोबत जुनी वेळ. नांगर सुटून बोट दोन नॉटच्या ओढीने दहा तास वाहत गेली तर ती वीस मैल दूर असते. सेट चालू आहे तोवर जीपीएसही चालू ठेवा. बॅटरीवर ताण येत असेल तर स्क्रीनचा उजेड कमी करा.

व्हीएचएफ सरळ रेषेत चालतो. दोन्ही बोटींच्या अँटेना पाण्यापासून सहा मीटर उंच असतील तर साधारण दहा-अकरा सागरी मैल, किनाऱ्यावरची उंच अँटेना असेल तर त्याहून पुष्कळ लांब. म्हणून खोल समुद्रात जाणाऱ्यांनी लाल बटणाच्या भरवशावर उपग्रहामार्फत संकटाची हाक देणारं डॅट यंत्र घरी ठेवू नये. दोन्ही हवीत. आणि डीएससीची हाक गेल्यावर चॅनल १६ वर तीनदा मेडे म्हणून बोटीचं नाव, ठिकाण आणि माणसं किती ते तोंडीही सांगायचंच.

दर फेरीला बंदर सोडण्याआधी सेटवरचे आकडे जीपीएसशी ताडून घ्या, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. महिन्यातून एकदा टर्मिनल पट्टीचे स्क्रू आवळा आणि हिरवट दिसणारा लग कापून नवा लावा. कुठली वायर कुठे गेली त्याचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सेटच्या मागे चिकटवा. त्यावर बोटीचा नऊ आकडी नंबरही मोठ्या अक्षरात लिहा, म्हणजे तांडेल केबिनमध्ये नसला तरी कुठल्याही खलाशाला तो वाचून सांगता येईल.